सरावलेले कान

तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या गावोगाव होत्या, त्या काळी गिरणीशेजारच्या घरात परगावचा पाहुणा मुक्कामाला आला म्हणजे एक गंमत हटकून घडे. सकाळी गिरणीवाला इंजिनाचे जड चाक हाताने फिरवी आणि छपरावरच्या नळकांड्यातून 'पुक् पुक्' असा कर्णकर्कश आवाज सुरू होई. पहिल्याच ठोक्याला पाहुणा दचकून अंथरुणात उठून बसे. घरातील माणसे मात्र शांतपणे आपापल्या कामात असत. पाळण्यातील मूलदेखील कूस बदलत नसे. चार दिवस गेले की पाहुण्यालाही त्या आवाजाचे काही वाटेनासे होई. पुढे एखाद्या दिवशी पट्टा तुटून इंजिन एकाएकी थांबले, तर हीच घरची मंडळी "काय झाले?" म्हणून अंगणात धावत येत. आवाज चालू असताना ज्यांनी मान वर केली नव्हती, ती माणसे शांततेने दचकली!

असे का व्हावे? त्या माणसांचे कान बिघडले होते काय? मुळीच नाही. त्याच गलबल्यात दाराची कडी वाजली, तर ती त्यांना अचूक ऐकू येई. ध्वनीच्या लहरी त्यांच्या कानांच्या पडद्यांवर पाहुण्याच्या इतक्याच जोराने आदळत होत्या. आवाज आत येत होता. परंतु आत कोठेतरी त्याची दखल घेण्याचे थांबले होते. ही दखल कोण घेते आणि ती न घेण्यास कोण शिकवते, याचा शोध शास्त्रज्ञांनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ घेतला आहे. त्या शोधात एका कोळ्यापासून समुद्रातील गोगलगाईपर्यंत अनेक प्राण्यांनी माणसाला मदत केली.

प्रथम दचकणे म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसांच्या पाठीमागे पिस्तुलाचा बार काढून त्यांच्या हालचालींची अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रे घेतली आणि १९३९ मध्ये त्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. नुसत्या डोळ्यांना जो एक झटका वाटतो, त्यात किती गोष्टी ठरावीक क्रमाने घडतात, हे त्या चित्रांत दिसून आले. आधी पापण्या मिटतात. मग मान पुढे झुकते, खांदे वर उचलले जातात, कोपरे वाकतात, मुठी वळतात, पोट आत ओढले जाते आणि गुडघे किंचित दुमडतात. एका सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापण्या मिटू लागतात आणि अर्ध्या सेकंदात सारा खेळ आटोपतो. आवाज कसला होता, हे माणसाला त्यानंतर कळते. मागून झडप घालणाऱ्या श्वापदाच्या तडाख्यातून मान आणि डोळे वाचविण्याची ही फार जुनी तजवीज असावी, असे मानतात.

इतकी त्वरा साधते, याचे कारण त्या आज्ञेचा मार्ग अतिशय आखूड आहे. कानातून निघालेला संदेश विचार करणाऱ्या मोठ्या मेंदूकडे जाण्यापूर्वीच मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला पाठीच्या कण्याशी जोडणाऱ्या देठासारख्या भागात, पोचतो. तेथे मोठमोठ्या चेतापेशींचा एक पुंजका आहे. तो पाठीच्या कण्यातून स्नायूंना थेट हुकूम सोडतो. राजाला वर्दी देऊन त्याची आज्ञा आणावी, इतका वेळ वेशीवरच्या पहारेकऱ्याला नसतो; तो आधी दरवाजा लावून घेतो आणि मग राजाकडे जासूद पाठवतो. येथेही तसेच घडते.

म्हणूनच मनाचा निग्रह येथे चालत नाही. थोर निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी याचा अनुभव स्वतःवर घेतला होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ ॲडर नावाचा आफ्रिकेतील एक अत्यंत विषारी साप जाड काचेमागे ठेवलेला होता. सापाने फूत्कार टाकून झेप घेतली तरी मागे हटायचे नाही, असा ठाम निश्चय करून डार्विन काचेला चेहरा लावून उभे राहिले. काच भक्कम आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. सापाने तडाखा मारला मात्र, त्यांचा निश्चय कोठल्या कोठे गेला आणि ते विलक्षण वेगाने एकदोन यार्ड मागे उडी मारून मोकळे झाले! हा प्रसंग डार्विन यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात प्रांजळपणे लिहून ठेवला आहे. एवढ्या मोठ्या विद्वानाने आपली फजिती ग्रंथात नमूद करावी, हेही त्याच्या थोरपणास शोभणारेच होय.

निश्चयाने जे साधत नाही, ते पुनरावृत्तीने साधते. लँडिस आणि हंट यांनी एकाच माणसामागे पुनःपुन्हा बार काढले, तेव्हा हळूहळू गुडघे वाकेनासे झाले, मुठी वळेनाशा झाल्या, खांदे उचलले जाईनात. शेवटी उरली ती पापणी. नेमबाजीत मुरलेल्या माणसांचीही पापणी बार होताच लवतेच. पहारेकऱ्याने बाकीची सारी कामे सोडली, तरी डोळ्यांची राखण काही तो सोडत नाही.

सरावण्याचा हा गुण केवळ माणसाचा नव्हे. अमेरिकेतील जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याला कोळ्यांचा विलक्षण नाद होता. जाळ्यात बसलेल्या कोळ्याजवळ त्यांनी एक नादकाटा वाजवला. कोळी घाबरला आणि एका धाग्याला लोंबकळत जाळ्यातून खाली पडला. थोड्या वेळाने तो वर चढून आला. पुन्हा नादकाटा वाजला, पुन्हा तो पडला. असे काही वेळा झाल्यावर तो जागचा हलेना. दुसऱ्या दिवशी मात्र पहिल्या आवाजाला तो पुन्हा पडला. परंतु या वेळी लवकर सरावला. रोज हाच क्रम ठेवल्यावर काही दिवसांनी त्याने नादकाट्याकडे लक्ष देणेच सोडून दिले. १८८७ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. कोळ्यासारख्या क्षुद्र जीवालाही कालचे आज थोडेसे आठवते, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

शेतकऱ्याला मात्र हे नवल वाटले नसते. जोंधळा हुरड्याला आला म्हणजे पाखरांना हाकलण्यासाठी शेतात बुजगावणे उभे करतात, पत्र्याचे डबे टांगतात, ते वाऱ्याने वाजत राहतात. पहिले दोनतीन दिवस पाखरे भुर्रकन उडतात. आठवड्याने पाहावे तो चिमण्या त्याच डब्याच्या दोरीवर बसून कणसाकडे पाहत असतात! विमानतळांवर पक्ष्यांना पळविण्यासाठी वायूच्या तोफांचे बार काढतात. त्यांनाही पक्षी असेच सरावतात. गोफणीचे तसे होत नाही, कारण गोफणीच्या आवाजामागून धोंडा येतो. ज्या आवाजामागून काहीच येत नाही, त्याची भीती किती दिवस बाळगायची? 'रोज मरे त्याला कोण रडे' ही म्हण माणसांविषयी असली, तरी पाखरांनाही ती लागू पडते.

येथे एक शंका येते. वारंवार दचकून शरीर नुसते थकत तर नसेल? दोरीउड्या मारून पाय दुखू लागतात, तसे स्नायू किंवा कान दमले असतील आणि आपण त्याला उगाच शिकणे म्हणत असू. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर अगदी साध्या युक्तीने मिळाले. एकाच सुराला सरावलेल्या प्राण्याजवळ एकदम दुसराच आवाज केला, तर तो पूर्वीसारखाच दचकतो. इतकेच नव्हे, तर त्यानंतर जुना सूर पुन्हा वाजवला, तर त्यालाही तो काही वेळ नव्याने दचकतो. थकलेल्या स्नायूला हे कसे जमावे? रिचर्ड थॉम्प्सन आणि विल्यम स्पेन्सर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये सरावण्याची ही सारी लक्षणे एकत्र करून मांडली. आवाज जितका सौम्य आणि जितका वरचेवर, तितके सरावणे लवकर. मध्ये विसावा मिळाला की जुने दचकणे पुन्हा उगवते. पुनःपुन्हा शिकवल्यास शिकणे अधिकाधिक सोपे होते. ही शिक्षणाची लक्षणे आहेत, थकव्याची नव्हेत.

याहून सुंदर पुरावा रशियातून आला. मॉस्को विद्यापीठातील येवगेनी सोकोलोव्ह हे, नवा आवाज आला की माणूस कान कसे टवकारतो, याचा अभ्यास करीत होते. ठरावीक लांबीचा एक सूर ते माणसाला पुनःपुन्हा ऐकवीत. काही वेळाने त्याचे शरीर त्या सुराची दखल घेईनासे होई. मग सोकोलोव्ह तोच सूर नेहमीपेक्षा थोडा आधी थांबवीत. जेथे सूर चालू राहावयास हवा होता, तेथे शांतता येताच त्या माणसाचे लक्ष खाडकन जागे होई! वास्तविक त्या क्षणी त्याच्या कानांवर काहीच पडले नव्हते. मग तो कशाला जागा झाला? सोकोलोव्ह यांचे उत्तर असे, की मेंदू ऐकलेल्या आवाजाचा एक नमुना घडवून ठेवतो आणि येणारा प्रत्येक आवाज त्या नमुन्याशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले तर गप्प राहावयाचे. जुळले नाहीत तर सावध व्हावयाचे. म्हणजे दुर्लक्ष करणारा मेंदू झोपलेला नसतो. दुर्लक्ष करावयाचे ते नेमके काय, याची तो क्षणोक्षणी खात्री करून घेत असतो. पट्टा तुटल्यावर गिरणीशेजारची माणसे अंगणात का आली, याचा उलगडा येथे होतो.

न्यूयॉर्क शहरात थर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर खांबांवरून धावणारी रेल्वे होती. रात्रीअपरात्री तिचा खडखडाट चाले. १९५५ मध्ये ती बंद झाली. त्यानंतर आसपासचे लोक रात्री जागे होऊन 'काहीतरी विचित्र घडते आहे' अशी तक्रार पोलिसांकडे करू लागले, आणि त्या तक्रारींच्या वेळा पूर्वीच्या गाड्यांच्या वेळांशी जुळत, अशी हकिकत कार्ल प्रिब्रॅम हे मेंदूशास्त्रज्ञ सांगत असत.

हा नमुना मेंदूत कोठे आणि कशाने लिहिला जातो, हा पुढचा प्रश्न. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. इतक्या गर्दीत एखादा धागा शोधणे म्हणजे पंढरीच्या वारीत चेहरा न पाहिलेला माणूस शोधण्यासारखेच. म्हणून एरिक कँडेल या शास्त्रज्ञांनी एक साधा प्राणी निवडला. ॲप्लिसिया नावाची ही समुद्री गोगलगाय हातभर नसली तरी चांगली वीतभर वाढते. तिच्या शरीरात चेतापेशी अवघ्या वीस हजारांच्या आसपास आणि त्यांतील काही तर इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांना दिसाव्यात. एवढा बुद्धिमान संशोधक गोगलगाईच्या मागे लागला, हे पाहून त्यांच्या काही सहकाऱ्यांना वाईट वाटले होते. क्षुद्र गोगलगाईला स्मरणशक्ती ती कसली असणार?

या गोगलगाईच्या पाठीवर कल्ला असतो आणि त्याच्याजवळ पाणी बाहेर टाकणारी एक लहानशी नळी असते. नळीला हलकेच स्पर्श केला की गोगलगाय कल्ला झटकन आत ओढून घेते. तिचे दचकणे ते हेच. स्पर्श दहाएक वेळा केला की कल्ला जेमतेम हलतो. कँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पर्श जाणणाऱ्या पेशीपासून कल्ला ओढणाऱ्या पेशीपर्यंतचा सारा मार्ग पेशी-पेशीने शोधून काढला. स्पर्श जाणणारी पेशी थकलेली नव्हती. ती पूर्वीसारखाच विजेचा संदेश पाठवत होती. स्नायूही थकला नव्हता. बदल झाला होता तो दोन पेशींच्या सांध्यात. चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते आणि पहिल्या पेशीच्या टोकातून सुटणारे एक रासायनिक द्रव्य ती फट ओलांडून दुसरीला जागे करते. स्पर्शाच्या प्रत्येक पुनरावृत्तीबरोबर हे द्रव्य कमी कमी सुटत होते. निरोप्या रोज धावत येतो, परंतु त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत जातो, असाच हा प्रकार होय.

दहा स्पर्शांचा परिणाम फार वेळ टिकत नाही. परंतु चार दिवस रोज दहा-दहा स्पर्श केले, तर गोगलगाय तीन आठवडेपर्यंत सरावलेली राहते. अशा वेळी नुसते द्रव्य कमी होऊन भागत नाही; सांध्यांची रचनाच बदलते. सामान्य गोगलगाईत स्पर्श जाणणाऱ्या पेशींपैकी शेकडा नव्वद पेशींचा कल्ल्याच्या पेशीशी चालू संबंध आढळला; दीर्घकाळ सरावलेल्या गोगलगाईत तो शेकडा तीसच उरला. शिकणे म्हणजे काहीतरी नवे जोडणे, अशी आपली समजूत असते. येथे शिकणे म्हणजे काही जोड सैल करणे होते. या आणि यापुढील संशोधनाबद्दल कँडेल यांना २००० मध्ये अर्विद कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि प्रत्येक पुनरावृत्तीने भीती कमीच होते, असे समजणे चुकीचे ठरेल. त्याच गोगलगाईच्या शेपटीला विजेचा एक जोरदार धक्का दिला, तर नंतरच्या हलक्या स्पर्शालाही ती पूर्वीपेक्षा अधिक जोराने अंग आखडते. मायकेल डेव्हिस यांनी १९७४ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोगही असाच बोलका आहे. शांतशा जागेत एकच मोठा आवाज पुनःपुन्हा ऐकवलेले उंदीर उत्तरोत्तर कमी दचकू लागले. तोच आवाज, तितक्याच वेळा, पण सतत गोंगाट चालू असलेल्या जागेत ऐकवलेले उंदीर मात्र उत्तरोत्तर अधिकच दचकू लागले. मन आधीच तणावात असेल तर आवाजाची सवय होत नाही. उलट जखम चिघळावी तसे होते.

या दोन्ही गोष्टी लंडनच्या नागरिकांनी दुसऱ्या महायुद्धात अनुभवल्या. ७ सप्टेंबर १९४० पासून जवळजवळ दोन महिने रोज रात्री त्या शहरावर बाँब पडत होते. प्रारंभी धोक्याचा भोंगा वाजताच लोक तळघरांकडे धावत. पुढे पुढे कित्येकजण भोंगा ऐकूनही अंथरुणातून उठेनासे झाले. दुकाने, कचेऱ्या चालू राहू लागल्या. याला कोणी धैर्य म्हणाले, कोणी बेफिकिरी म्हणाले. त्यात मेंदूच्या या जुन्या खोडीचाही वाटा होता. १३ जून १९४४ पासून जर्मनीने वैमानिकाशिवाय उडणारे बाँब सोडण्यास आरंभ केला. त्यांच्या इंजिनाची घरघर आकाशात चाले, तोवर खाली लोक आपले काम करीत राहत. घरघर थांबली की सारे श्वास रोखून धरत. कारण इंजिन बंद पडल्यावर काही क्षणांतच तो बाँब खाली कोसळे. त्या शहरात शांतता हीच सर्वांत भयंकर आरोळी झाली होती.

झोपेतही ही निवड चालूच असते. इयन ऑस्वल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये झोपलेल्या माणसांना नावांची एक लांबलचक यादी ऐकवली. इतर नावांना निपचित पडून राहणारी माणसे स्वतःचे नाव येताच प्रतिसाद देत. मुंबईच्या गिरणगावात यंत्रांच्या घरघरीत गाढ झोपणाऱ्या चाळी पाळीचा भोंगा होताच जाग्या होत, त्याचेही मर्म हेच. घरघरीला अर्थ नव्हता, भोंग्याला होता.

परंतु मन सरावले म्हणून शरीर सरावते असे नाही, आणि येथे मेंदूची ही सोय महागात पडते. कापड गिरण्यांच्या साचेखात्यात शेकडो माग एकाच वेळी खडखडत. नव्याने लागलेला कामगार पहिले काही दिवस बधिर होऊन जाई. मग त्याला त्या आवाजाचे काही वाटत नसे. तो खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेण्यास शिके. आवाजाचा त्रास संपला, असे त्याला वाटे. वस्तुतः कानाच्या आतील शंखाकृती भागातील नाजूक केसल पेशी त्या माऱ्याने एकेक करून मरत असत, आणि माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. कित्येक वर्षांनी घरातील लहान मूल हाक मारून थके आणि आजोबा मान वर करीत नसत, तेव्हा काय झाले ते कळे. रात्रीच्या गोंगाटाचेही असेच आहे. रहदारीच्या रस्त्यालगत झोपणारा माणूस काही दिवसांनी जागा होईनासा होतो. परंतु प्रत्येक मोठ्या आवाजासरशी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, ते पुष्कळ अंशी तसेच वाढत राहतात. वेशीवरचा पहारेकरी राजाला उठवत नाही इतकेच. स्वतः मात्र तो रात्रभर टक्क जागा असतो.

गोगलगाईला स्पर्श विसरावयास शिकविणारे एरिक कँडेल यांचा जन्म १९२९ मध्ये ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे खेळण्यांचे दुकान होते. एरिकच्या नवव्या वाढदिवसाला त्यांनी त्याला दुरून चालवता येणारी एक सुंदर निळी मोटारगाडी दिली. दोनच दिवसांनी, ९ नोव्हेंबर १९३८ रोजी, त्यांच्या घराच्या दारावर जोरजोराने ठोके पडले. नाझी पोलीस आले होते. त्यांनी त्या कुटुंबाला घराबाहेर काढले. काही दिवसांनी मंडळी परत आली, तेव्हा घरातील चीजवस्तू लुटली गेली होती. ती निळी मोटारही नाहीशी झाली होती. पुढच्या वर्षी एरिक आपल्या थोरल्या भावाबरोबर जहाजाने अमेरिकेस गेला आणि तेथेच मोठा झाला. वयाच्या पंच्याहत्तरीनंतर, २००६ मध्ये, त्यांनी स्मरणशक्तीच्या शोधाची आपली कहाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिच्या आरंभीच्या पानांत त्यांनी दारावरचे ते ठोके वर्णिले आहेत. ते ठोके एकदाच पडले होते, आणि सहासष्ट-सदुसष्ट वर्षांनंतरही त्यांना ते स्पष्ट ऐकू येत होते.